मोजपट्टीचा अँटेना

प्रिय ठिणगे,

उडाला गं आपला फुगा! आधी हेच सांगते, नाहीतर मी भलतीकडे वाहवत जाईन आणि तू चिडशील. शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावरून फुग्याला बांधलेला आपला कॉफीचा डबा वर गेला. डब्याच्या पोटात तापमान मोजणारी चकती, जुन्या मोबाइलची बॅटरी आणि बोटाएवढा रेडिओ. मुख्याध्यापकसुद्धा तोंड उघडं टाकून वर बघत होते!

आणि ढगांच्या वर जाताच त्याचा आवाजच गेला. संगणकावर नुसती खरखर. विज्ञानाच्या बाईंचा चेहरा पार उतरला. तेव्हा मला तुझा अँटेना आठवला. तुझ्या बाबांची सुतारकामातली मोडकी पोलादी मोजपट्टी कापून तू प्लास्टिकच्या नळीवर बसवलेला. आईच्या आजारपणामुळे तुझं शाळेत येणं थांबलं, तरी तिला भरवून झालं की तू घरी त्याचं सोल्डरिंग करत बसायचीस, हे तुझ्या भावाकडून कळलं होतं. त्याच्याच हाती तू अँटेना शाळेत पोचता केलास तेव्हा मुलं 'माशाचा काटा' म्हणून हसली होती. मी तो उचलला, आभाळाकडे रोखला आणि हळूहळू फिरवला. एकदम टिकटिक! पडद्यावर आकडे धावायला लागले. शून्याखाली तापमान! आम्ही घामानं निथळत होतो आणि आपला डबा वर कुडकुडत होता. बाईंना रडूच आलं. म्हणाल्या, "ती इथं हवी होती." कोण, ते कुणी विचारलं नाही. तुझे उपकार कसे मानू, मला खरंच कळत नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता ती ऐकत होती. मग म्हणाली, "दवाखान्यात मी दिवसभर परक्यांचंच करते ना? पाळी संध्याकाळची मागून घेते. सकाळी तिच्या आईपाशी मी बसेन." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. तर दुसऱ्या दिवशी पाळी बदलूनच आली!

म्हणून हे पत्र. बाईंनी तुझं नाव पटावरून काढलेलंच नाही. तुझ्या बाबांशीही बोलून झालंय. ते डोळे पुसत 'हो' म्हणाले. तुला सांगायचं काम मात्र माझ्यावर सोपवलंय. सोमवारी शाळेच्या आधी आई तुमच्याकडे येईल. दार तूच उघड, दप्तर पाठीला लावून.

तुझीच,
बडबडी