लाल टोकाचा पंखा

प्रिय भुसाबाई,

फोन तू उचलत नाहीस. पाकीट मात्र फोडशीलच, कारण बंद वस्तू समोर असली की तुला चैन पडत नाही. वरचं नाव आईंना कधीच आवडलं नाही. माझ्या पोरीच्या केसांत लाकडाचा भुसा असतो हे साऱ्या गल्लीला ओरडून कशाला सांगायचं, असं त्या तुझ्या दादाला म्हणायच्या, आणि मग तो मुद्दाम गच्चीवरून तुला हाक मारायचा. त्यांनी स्वतः तुला त्या नावानं एकदाही हाक मारली नाही. तरी आज मी तेच लिहिलं आहे.

आई आणि मी, आम्ही दोघी बऱ्या आहोत. मी सकाळी दवाखान्यात जाते, पेशंटना नावं विचारते, बसा म्हणते, दुपारी घरी येते. समोर येईल ते खाते. परवा गरम पातेलं नुसत्या हातानं उचललं आणि बोटं लाल झालेली दिसली तेव्हा कळलं. शेजारच्या काकू रोज येऊन बसतात, हातात रुमाल तयार ठेवूनच. मी रडले की मला धरायचं असं त्यांनी ठरवलेलं आहे आणि मी काही रडत नाही, त्यामुळे त्यांची फार पंचाईत होते. शेवटी चहा पिऊन जातात. मला रडू येत नाही, राग येत नाही, झोप मात्र भरपूर येते. दादाचा डबा अजून ओट्यावरच आहे, आणि तो तिथून हलवावा असंही वाटत नाही, ठेवावा असंही नाही.

तुझी खबर तुझ्या घरमालकिणीकडून मिळते. तू कापडाच्या दुकानात लागली आहेस आणि म्हणे तिथला लाकडी गजसुद्धा हातात धरत नाहीस, फीत लावून मोजतेस. मालकीणबाईंना त्यात गंमत वाटली. मला कारण ठाऊक होतं. तुझी हत्यारांची पेटी विमानाच्या शेडमध्ये आहे तशीच आहे, कुलूप गंजायला लागलं आहे. ज्या दिवशी पंख्याचं टोक हवेत तुटलं, इंजिन थरथरून जागचं सुटलं आणि दादाला विमान धड खाली आणता आलं नाही, त्याच संध्याकाळी तू अपघाताच्या तपासाला आलेल्या साहेबांसमोर उभी राहून सांगितलंस की पंखा मी घडवला, लाकडाच्या पट्ट्या मी चिकटवल्या, जोड माझाच सुटला असणार, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. मी तिथेच होते. माझ्या कानावर शब्द पडत होते, एवढंच.

आणि आईंनीही ते ऐकलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी तुझा विषय काढला नाही. काढायची वेळ आलीच तर 'ती' म्हणायच्या. जेवायच्या टेबलापाशी तुझी खुर्ची होती, ती त्यांनी गॅलरीत नेली आणि तिच्यावर वाळलेले कपडे ठेवायला लागल्या. मी ते पाहत होते. अडवावं असं मनात आलं नाही, कारण मनात काही येतच नव्हतं.

साहेबांनी मला शेडवर बोलवायला सुरुवात केली ती सामान ओळखायला. घरच्यांपैकी कुणीतरी लागतं म्हणे. बुटका, तोंडानं कमी बोलणारा माणूस, आणि लाकडाच्या धुळीनं त्याला शिंका येतात. ज्याला भुशाचं वावडं आहे त्याला लाकडी पंखा तपासायला पाठवलं, हे तुझ्या दादाला फार आवडलं असतं. जमिनीवर चादर पसरून त्यांनी सगळे तुकडे विमानाच्या आकारात मांडले होते. घरी बांधलेल्या विमानावर लिहावा लागतो तो शेपटीवरचा 'प्रायोगिक' हा शब्द अगदी कोरा करकरीत राहिला होता. आठवतं, तोच शब्द त्यानं माझ्या पहिल्या केकवर कागदाचा झेंडा करून लावला होता? तू मात्र केकचे दोन तुकडे मागून घेतलेस. मी तो शब्द ओळखला, खुर्चीची गादी ओळखली, त्याचा हातमोजा ओळखला. साहेब लिहीत होते, शिंकत होते. मला वाटत होतं, हे दुसऱ्या कुणाचं तरी सामान आहे आणि मी मदतीला आले आहे.

तुटलेलं टोक बऱ्याच दिवसांनी सापडलं. लांबच्या माळावर गवत कापणाऱ्या माणसाला मिळालं. साहेबांनी ते टेबलावर ठेवलं, माझ्या हातात भिंग दिलं आणि बघा म्हणाले. मला काय कळणार, पण त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं तेव्हा दिसलं. पट्ट्यांचे जोड सगळे शाबूत आहेत, भुसाबाई. लाकूड फाटलं आहे, पण जोडाच्या शेजारून फाटलं आहे. जोड तसाच धरून आहे, उलट त्याच्यावर फाटलेल्या लाकडाचे रेशे चिकटून राहिले आहेत. ज्यानं हे चिकटवलं त्याचा हात पक्का आहे, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, माझी नणंद. ते शिंकले. हा परिच्छेद तू पुन्हा एकदा वाच. मी लिहून झाल्यावर पुन्हा वाचला आहे.

मग त्यांनी टोकाची कड दाखवली, जिथे तू पितळी पट्टी बसवली होतीस. त्या पट्टीच्या अगदी काठाशी लाकडाचा टवका उडालेला होता, धावपट्टीवरची खडी लागली असणार. तिथून आत भेग गेली होती. भेगेचा सुरुवातीचा भाग काळा पडलेला, म्हणजे जुना, आत पाणी मुरलेलं. पुढचा पांढरा, त्या दिवशीचा. आणि टवक्यात कुणीतरी लांबीचा लगदा भरून, घासून, वरून लाल रंग दिला होता. फार नीट दिला होता. साहेबांनी नखानं थोडा खरवडला आणि म्हणाले, हा तुमच्या पंख्याच्या टोकांना दिलेला लाल रंग नाही, याची चकाकी वेगळी आहे. बनवणाऱ्या बाईंच्या जबाबात या दुरुस्तीचा उल्लेख नाही. तुम्हाला काही ठाऊक आहे का?

मला ठाऊक होतं. तू मला वाढदिवसाला दिलेली नेलपॉलिशची बाटली तुला आठवते? घे वहिनी, विमानाला मॅचिंग, असं म्हणून दिली होतीस. मी ती दोनदा लावली असेल. मग ती आरशाजवळून गायब झाली, आणि त्याच सुमारास एका संध्याकाळी तुझ्या दादाच्या अंगठ्याला लाल डाग दिसला. मी त्याची यथेच्छ थट्टा केली. कुणाचा हात धरून बसला होतास, असं विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, एका स्क्रूवर खूण केली. मला ते पटलं. मी त्या दिवशी खूप हसले होते.

त्याची सवय तुला सांगायला नको. आईंचा निळा कप त्याच्या हातून फुटला, तर त्यानं तो चिकटवला आणि तडा भिंतीकडे करून फळीवर ठेवून दिला. आईंच्या मांडीवर चहा सांडला तेव्हा सगळ्यांना कळलं. तसंच हे. पंख्याला केसभर जरी टवका गेला तरी तो उतरवायचा, खिळ्याला टांगायचा आणि तू बघेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही, हा तुझा नियम होता. तू बघितलं असतंस तर नवा करते म्हणाली असतीस. त्यात मोकळ्या आभाळाचे दिवस निघून गेले असते. त्याला आभाळाची भीती कधी वाटली नाही, तुझ्या ओरड्याची वाटायची. मी हे रागानं लिहीत नाही. राग यायला हवा हे मला कळतं. बसून वाट पाहिली, आला नाही.

त्या टेबलापाशी मी भिंग खाली ठेवलं. नुसते खांदे उडवले असते तरी चाललं असतं. घरगुती पंखा, पातं तुटलं, बनवणाऱ्या बाईंचा जबाब सोबत जोडला आहे, एवढ्यावर अहवाल मिटला असता. आईंचा मुलगा निर्दोष राहिला असता. तो गेला आहे, त्याला काही फरक पडत नाही, आणि तू लांब आहेस, असं सगळं मी अगदी शांतपणे मनात मांडून पाहिलं. मग मला तुझी ती कापड मोजायची फीत आठवली. तेवढंच आठवलं. मी साहेबांना थांबायला सांगितलं आणि घरी आले. दाराआडच्या खुंटीवर त्याचा शेडचा डगला अजून आहे, मी धुतला नाही. बाटली त्याच्या खिशात होती. ती नेऊन दिली. साहेबांनी ब्रशनं एक ठिपका त्या लाल डागाशेजारी लावला. वाळल्यावर दोन्ही एकच दिसले. जबाब द्याल का, असं त्यांनी विचारलं. मी दिला, खाली सही केली. अहवालात आता दुरुस्ती दादाच्या नावावर जाईल.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. वहिनी, त्याच्या नावावर नको, माझ्याच नावावर राहू दे. म्हणून तर आधी सही केली आणि मग हे लिहिते आहे. आता तुला काही करता येणार नाही.

काल आईंना सांगितलं. बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि जे घडलं ते ओळीनं सांगितलं. मला वाटलं, त्या मला घराबाहेर काढतील. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली. मोडेल हे त्याला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही, नंतर बघू असं म्हणाला असेल.  मग म्हणाल्या, कपासारखं. उठून गॅलरीत गेल्या, खुर्चीवरचे कपडे खाली ठेवले, ओल्या फडक्यानं खुर्ची पुसली आणि आत आणून जागेवर लावली. पाय फरशीवर घासत आणली, मला उचलू दिली नाही. तेव्हा मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही, पण येईलसं वाटलं, हेच पुष्कळ. हे पत्र माझ्या मनानं मी लिहायला घेतलेलं नाही. तुला सगळं तोंडावर सांगायची माझ्यात ताकद नव्हती आणि कागदावर उतरवायचीही नव्हती. आज सकाळी आईंनी कागद माझ्यासमोर आणून ठेवला, पेन ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. भुसाबाईला लिही, म्हणाल्या. म्हणावं, पोरी, घरी ये.

तुझीच,
वहिनी