तांब्याने नळी धरली नाही

प्रिय शेखर,

चंद्रपूरच्या क्वार्टरमधल्या ओट्याचा फोटो मिळाला. उंची मला अगदी बरोबर आहे. खिडकीला तू स्वतः जाळी बसवलीस, हे तुझ्या आईंनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. बदलीआधी इथे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होतास तेव्हा तुला घरात एक खिळा ठोकायला आठवडा लागायचा, म्हणून त्यांना विशेष कौतुक.

इकडची बातमी माझ्या नळीची. तुला ठाऊक आहे, बोरॉनचे थोडेच अणू जमले की ते सपाट पसरतात. आत धातूचा अणू बसवला तर त्यांची नळी उभी राहते का, एवढाच माझा प्रबंध. तांब्याने ती राहते असं कॉलेजातला संगणक वर्षभर सांगत होता. पण मी गणितात सममितीचं बंधन घातलं होतं: हलायचं तर सगळ्या अणूंनी सारखंच. गणित लवकर सुटावं म्हणून सुरुवातीला बरेचजण घालतात. प्रबंध बांधायला देण्याआधी मनाला टोचत होतं, म्हणून ते बंधन काढून पाहिलं. नळी कलली, चपटी झाली, तांबं बाहेर पडलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “मॅडम, परीक्षक बंधन काढून बघत बसत नाहीत. सादर करा आणि मोकळ्या व्हा.” जेवताना मी दोनदा मीठ वाढलं, म्हणून आईंनी खोदून विचारलं. सांगितलं, तर म्हणाल्या, “उभी नाय राहत तं आडवी ठेव की गं!” दोघी पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

हा प्रामाणिकपणा की तुझ्याकडे न येण्याची सबब, हेही मी स्वतःला विचारलं. कॉलेजातलं शिकवणं आणि नाशिकरोडचं हे घर सोडायची मला भीती वाटते, हे खरं आहे. पण भीती नसती तरी नळी पडलीच असती.

आता कोबाल्ट घेऊन नव्याने सुरुवात केली आहे, पहिल्यापासून बंधनाशिवाय. वर्ष जाईल, कदाचित जास्त. ती नळीही टिकेल याची खात्री नाही. प्रबंध देऊन जूनमध्ये चंद्रपूरला यायचं आपलं ठरलं होतं, पण आता मी येत नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू नुसतं “बरं” म्हणाला असतास, आणि तो आवाज ऐकून मी प्रबंध आहे तसा देऊन टाकला असता. चिडलास तर चिड. पण सादर कर, असं मला सांगू नकोस.

तुझीच,
ज्योत्स्ना