अरेका पामवरचा खटला

मुलुंड (पूर्व),
२८ जानेवारी

चि. सौ. पद्मजा हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

माझे गुडघे सोडले तर इकडे सगळे ठणठणीत. तुझी शुगर ताब्यात असेल आणि भावोजींचा खोकला कमी झाला असेल, असं धरून चालतो.

देव अक्कल वाटायला आला तेव्हा आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद असावी. सेक्रेटरी नंदकुमारने व्हॉट्सॲपवर कुठलासा मेसेज ढकलला: घरातला पाम लहान मुलांच्या आणि मांजरांच्या जिवावर उठतो. झालं! आमच्या हॉलमधला अरेका (तुझ्या वहिनीने लावलेला, ती गेली, तो छताला टेकला) एका दुपारीत गुन्हेगार ठरला. त्यातच माझ्या दीड वर्षाच्या नातीने, श्रुतिकाने, त्याचं पान चावलं. सूनबाई शर्मिष्ठा तिला घेऊन धावत डॉक्टरकडे. (पोरगी वाटेत भुकेने रडली, तर त्याला 'लक्षणं' म्हणण्यात आलं.) डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. सूनबाई म्हणाली, आज नाही झालं! एक तर पाम जाईल, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन. मला दोन्ही घरात हवे होते, पण मला विचारतो कोण?

सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला दरवर्षी घरोघरचे पाम चौरंगामागे आरास म्हणून खाली जातात. यंदा नंदकुमारने 'सुरक्षित' म्हणून प्लास्टिकचे आणले. सोसायटीचा बोका खंडू पाच वर्षं माझ्या पामची पानं खातो, फार तर ओकतो आणि पुन्हा जेवायला हजर होतो. त्याने प्लास्टिकचं पान गिळलं आणि ऐन आरतीत त्याला टोपलीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. (तो सुखरूप आहे. नंदकुमार मात्र मला बघून रस्ता बदलतो.)

शेवटी काल मी मालाडच्या नर्सरीवाल्या अंबादासला गाठलं. तो म्हणाला, अरेका मुलांना, कुत्र्यामांजरांना विषारी नाही; भरमसाट खाल्ला तर पोट बिघडेल, एवढंच. ते मी लेखी घेतलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. सूनबाईने दोनदा वाचलं आणि भरलेली बॅग रिकामी केली. पाम जागेवर आहे, पोरगी घरात आहे, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

पण ज्यांना साधं झाड ओळखता येत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या घरातल्या झाडांत नाक का खुपसावं? अशा अडाण्यांची मला कीव येते.

तुझा,
विद्याधरदादा

ता. क. तुझ्या वास्तुशांतीला मी मोठ्या ऐटीत जो बुटका, टोकदार पानांचा पाम आणला होता, तो अंबादासच्या मते पामच नाही. तो सायकस. पानांपासून बियांपर्यंत विषारी. मुलांना आणि जनावरांनाही. तुझा नातू मिहिर रांगायला लागलाय म्हणे. सकाळी हेच सांगायला फोन केला होता, पण जीभ रेटेना; तुझी शुगर विचारून ठेवून दिला.

ता. क. दुसरा: पत्र घेऊन आलेला आमचा मुलगा सर्वेश गोणपाट घेऊन दारात उभा असेल. आधी कुंडी त्याच्या हवाली कर, मग पत्र वाच.