एकाच पिक्चरचे दोन शेवट

गुरुवार, १३ मार्च १९५८
(गावाचं नाव पुढं सांगतो)

दत्तूदादा,

ज्योतीरामचा तुला नि रुक्मिणीवहिनींना नमस्कार. मी बरा आहे. तुमच्या घरच्या आत्याबाईंचा गुडघा आता वाकत असेल. सकाळी सांगवीहून सायकल हाणत तू निघाला असशील, असं मनात येतं, आणि मग आठवतं, सध्या तुला कुठं निघायचंच नाही. ते असू दे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. आपलं ठरलेलंच होतं: मी शिफ्ट बुडवून पुण्याला पिक्चरला जायचं, तू कारखान्याच्या गेटवरच्या हजेरीच्या फळीवर माझा बिल्ला अडकवायचा, म्हणजे मी हजर. मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुला पिक्चर सांगायचा. "जा रं, पर गोष्ट पुरी आण. अर्धी न्हाई चालायची," असं तू त्या मंगळवारीही म्हणालास.

पिक्चर फ्रान्सचा होता. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, मी सातवीला दोनदा बसलेला, पण सगळं कळलं. (पुण्याच्या कॅम्पात थेटराबाहेर एक इराणी हॉटेल आहे, त्याचा बनमस्का एकदा तुला खिलवायचाय.) एका गिरणीत रखवालदाराचा खून होतो. पकडतात एका भल्या माणसाला. त्या वेळी तो कुठं होता हे फक्त त्याच्या दोस्ताला ठाऊक. पण दोस्त स्वतः नको तिथं होता, तोंड उघडलं तर त्याचीही अब्रू जाणार. निकालाच्या दिवशी तो कोर्टासमोरच्या खाणावळीत सूप पीत बसतो. आता उठेल, मग उठेल, म्हणत मी खुर्चीच्या कडेला सरकलो. कोर्टाची घंटा होते. तो पावानं वाडगा पुसतो, खातो आणि निघून जातो. संपला पिक्चर.

काल इथल्या लष्करी तंबूत तोच पिक्चर पाहिला, अमेरिकेनं पुन्हा काढलेला. तीच गिरणी, तेच सूप. माझं डोकंच फिरलं, दादा. यांचा दोस्त सूप अर्धं टाकून उठतो, मोटार पळवतो, कोर्टाचं दार ढकलून ओरडतो. बँड वाजतो, एक बाई येऊन त्याचा मुका घेते. त्याच्या टोपीला घडीसुद्धा पडत नाही! दुसऱ्याची वस्तू घ्यायची आणि तिचा कणाच काढून टाकायचा, ही कुठली रीत? ते दार इतकं हलकं असतं का? लाज, भीती, सगळं यांनी कापून फेकलं.

मी मोठ्यानं म्हणालो, हे खोटं आहे. शेजारी साताऱ्याकडचा एक जवान टाळ्या वाजवत होता. तो म्हणाला, "तू असतास तर काय केलं असतंस?"

"सूप संपवलं असतं."

"मग तिकीट कशाला काढलंस भावा? घरीच आरशात बघायचं."

बाकावरची माणसं हसली. मी उठून बाहेर आलो.

पाकिटावरचा शिक्का तू पाहिलाच असशील. मी देहूरोडला आहे, तुझ्यापासून फार तर दहा मैलांवर. बुधवारी गेटवर गर्दी दिसली, शिफ्ट बुडवल्याचं फुटलं असं वाटून मी आत न येताच इकडं पळालो. गेटवरचा भैरू रविवारी भेटला. त्यानं सगळं सांगितलं. त्याच मंगळवारी स्टोअरमधल्या मशिनींच्या पितळी बुशा चोरीला गेल्या. डोकी मोजली तर बिल्ल्यांपेक्षा एक कमी. साहेब म्हणतात, मी माल घेऊन पळालो आणि तू बिल्ला लावून मला झाकलंस. मी कुठं होतो हे विचारलं, तर तू म्हणालास, "पोरगं हाय, त्याचं नाव घिऊ नका, बिल्ला माझ्या हातानं लावलाय." तुला घरी बसवलंय आणि सोमवारी चौकशी आहे.

हे कळून मला चार दिवस झाले. चार दिवस मी इथं कॅन्टीनमध्ये कपबश्या विसळतोय. तंबूतला पिक्चर खोटा असं मी का ओरडलो, ते तुला कळलं असेल.

सोमवारी सकाळी मी गेटवर येतो. मोटार नाही, चालत येईन. वाटेत दोनदा मागं फिरेन, हे आत्ताच सांगून ठेवतो, पण येईन. साहेबांनी मला त्या दिवशीचा पिक्चर पहिल्यापासून विचारावा, एक बारकावा चुकला तर चोर म्हणावं. नोकरी जाईल ती माझी जाऊ दे. वहिनींच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, एवढं मात्र अजून जमलेलं नाही.

ज्याचा बिल्ला तू लावलास, तो
ज्योतीराम