काकडीला सुटलेलं पाणी

गिरगाव, रविवार संध्याकाळ

आज पान जवळजवळ गेलंच होतं. मुलांच्या पुरवणीसाठी विसरण आणि परासरण लिहायचं होतं, म्हणजे पेशीच्या पडद्यातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात ते. काल पाठवलेला लेख वाचून सकाळीच संपादक प्राचीचा फोन. "काका, हे मलाच कळलं नाही. पाचपर्यंत नवीन द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

डोकं चालेना, म्हणून जेवणासाठी काकडी कोचवली. सगळं वेळेआधी उरकायची माझी सवय. मीठही तेव्हाच घातलं.

पानं घेतली तर वाडग्यात पाणीच पाणी. नंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, मीठ वाढताना घालतात! ही कोशिंबीर की सार?"

पण मला तेच हवं होतं! बाहेर मीठ जास्त, म्हणून काकडीच्या पेशींतलं पाणी पडद्यातून बाहेर आलं. मिठाला मात्र तो पडदा सहजी आत घेत नाही. हे परासरण.

आणि विसरण? ते सुचेना. चार वाजत आले. नंदाने ते पाणी वाया न घालवता थालीपिठाचं पीठ भिजवलं. पहिलं तव्यावर पडलं आणि शेजारच्या वहिनी दारात. "नंदाताई, वास थेट आमच्या घरात हो!" झालं की! वास दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरतो, हेच विसरण. वहिनींना थालीपीठ दिलं, मी लिहायला बसलो.

पाचच्या आत लेख गेला. प्राचीचं उत्तर आलं, "कळलं काका. पण आता भूक लागली."

म्हणजे पान माझंच.