खोडणाऱ्याने खाली चांगलं लिहावं

मी, अगाथा झेलिन्स्की, राहणार मिलवॉकी शहराचा दक्षिण भाग, लिंडक्विस्ट शुभेच्छापत्र कंपनीच्या क्रिएटिव्ह विभागात तो बंद पडेपर्यंत मजकूर लिहीत होते. गुडघे सोडले तर माझं सगळं शाबूत आहे, डोकं तर जरा जास्तच. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेलं नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. याआधी माझा पुतण्या रेमंड याने वकिलाकडून तयार करून आणलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

मात्र हा मजकूर माझ्या एकटीचा नाही. आमच्या विभागात रीत अशी होती की कुठलंही काम आधी कॉर्कच्या भिंतीवर टाचायचं, खाली नाव घालायचं नाही, आणि ज्याला वाटेल त्याने पेन्सिलीने त्यात हात घालायचा. अट एकच: खोडलं तर खाली त्याहून चांगलं लिहायचं. नाही सुचलं तर आपली रेघ आपणच पुसायची. मी दहावीत शाळा सोडून पाकिटं चिकटवायला आले होते. लिहायला मला त्या भिंतीने शिकवलं. म्हणून या मृत्युपत्राचा कच्चा मसुदाही मी स्वयंपाकघरात टाचून ठेवला. विभागातली मंडळी शुक्रवारी माझ्याकडे, विभाग बंद पडताना मी उचलून आणलेल्या तिथल्या लांब टेबलावर, तळलेला मासा खायला येतात, त्यांनी तो सोडला नाही.

कलम १. बँकेत जे शिल्लक असेल ते आणि माझ्या भावाची होडी रेमंडला द्यावी. रेमंड, ख्रिसमसला तू टेप लावून खोल्या मोजल्यास तेव्हाच मला समजलं. रागावले नाही. पण घर तुला नाही. होडी दुरुस्त कर, तुझ्या बापाला बरं वाटेल.

कलम २. न्यूयॉर्कहून आलेले आमचे शेवटचे साहेब, मिस्टर प्रुइट, यांना एक खोडरबर द्यावा, नवा. हे गृहस्थ लाल शाईने सगळं खोडायचे आणि खाली काही म्हणजे काही लिहायचे नाहीत.

कलम ३. माझा टाइपरायटर विभागात माझ्याबरोबर मजकूर लिहिणाऱ्या बर्निस हॉलोवे हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. नवरा गेलेल्या बाईसाठी कार्ड करायचं होतं. मी देवदूत, पहाट, नदीचा पैलतीर असं सगळं घालून लांबलचक कविता टाचली. बर्निसने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत खोडली.

मी म्हटलं, "अगं, एक ओळ तरी ठेव!"

"तुझा स्टॅन्ली गेला तेव्हा तुला पैलतीर हवा होता का?" ती म्हणाली. "काय हवं होतं ते सांग."

मी सांगितलं. तिने खाली लिहिलं: 'जेवायला ये. बोलायला नको.' ते कार्ड आजही औषधाच्या दुकानात मिळतं. माझं दुःख घेऊन तिने परक्या बायकांच्या उपयोगी पाडलं. असली माणसं मला रोज शेजारी बसायला मिळाली.

कलम ४. माझे अक्षरं रंगवायचे कुंचले विभागात कार्डांची जुळणी करणाऱ्या ऑटमार क्लुगे याला देणार होते. त्याने हे कलम खोडलं. का, ते साक्षीदारांच्या जागी कळेल.

कलम ५. घर, वरच्या मजल्यासह. हे मारिसोल किंताना हिला द्यायचं आहे आणि याच कलमावर खरी झटापट झाली.

मारिसोल आमच्यातली सगळ्यांत धाकटी. ती आली त्या वर्षी ऑटमारने जुळणी करताना कार्डाची घडी उलटी धरली आणि नाताळच्या कार्डांचा आतला मजकूर डोक्यावर उभा छापला गेला. गठ्ठेच्या गठ्ठे. आम्ही सगळे तोंडं पाडून बसलो. मारिसोल नुकतीच आलेली, घाबरत म्हणाली, "बाहेरचं चित्र तर अजून छापायचंय ना? मग सांतालाच डोक्यावर उभा करू." तिने तो तिथल्या तिथे काढला: टोपी बर्फात रुतलेली, दाढी नाकात गेलेली. त्या साली आमचं दुसरं कुठलंच कार्ड इतकं खपलं नाही.

विभाग बंद झाल्यापासून तिने काही काढलेलं नाही. भाड्याच्या खोलीत कागद पसरायला जागा नाही आणि आता मॅडिसनला विम्याच्या कचेरीत नोकरी धरायला निघाली आहे. हा हात फुकट जाणार म्हणून माझा जीव तुटतो. म्हणून मी मसुद्यात लिहिलं होतं: 'घर मारिसोलला, तिने नोकरी न धरता रोज चित्र काढावं या अटीवर.'

ऑटमारने अट खोडली. "अगं बाई, घर देतेस की साहेब होतेस? धाकात काढलेला सांता कसा दिसेल? मिस्टर प्रुइटसारखा!"

"मग खाली चांगलं लिही," मी म्हटलं.

त्याने मासा संपवला, हात पुसले आणि लिहिलं: 'घर मारिसोलला.' पुढे पूर्णविराम. मला राग आला, पण याहून चांगलं मला सुचेना. मग ते राहिलं.

मारिसोल मला दोन्या अगाथा म्हणते, म्हणजे त्यांच्या स्पॅनिशमधलं बाईसाहेब. वाचून तिने पेन्सिल उचलली. मग म्हणाली, "दोन्या अगाथा, नोकरीचं माझं मी बघेन. आणि तुम्ही एवढ्यात मरायचं नाही. पण हे वाक्य अर्धवट आहे. मी खोडू?"

"रीत माहीत आहे ना?"

तिने ऑटमारचा पूर्णविराम खोडला. या कलमाचा अंतिम मजकूर तिच्या हातचा असा:

'घर मारिसोलला, आणि विभागातलं लांब टेबल वरच्या मजल्यावर खिडकीपाशी लावावं. एक टोक माझ्या चित्रांना. बाकीच्या खुर्च्या ज्याच्या त्याला, आजपासून.'

'आजपासून' कायद्यात बसत नाही, असं माझ्या वकिलाचं म्हणणं. मी त्याच्यासमोर पेन्सिल ठेवली. त्याने ती परत माझ्याकडे सरकवली. शब्द कायम.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

(सही) अगाथा झेलिन्स्की

साक्षीदार:

१. (सही) ऑटमार क्लुगे. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये असं वकिलाने सांगितल्यावर याने कुंचले नाकारले. म्हणाला, "जन्मभर काम केलं, एका कार्डावर कुणाचं नाव नाही. इथे तरी मला सही करू दे."

२. (सही) पॅट्रिशिया टोफ्ट, शेजारीण. टेबल वर चढवताना जिन्यातला कठडा काढावा लागला, तो हिने धरून ठेवला.

ठिकाण: मिलवॉकी, विस्कॉन्सिन
दिनांक: १४ मार्च २०१४, शुक्रवार