बाबांना उचलण्याची तयारी

२ मार्च, सोमवार

निर्णय झाला. बाबांना उचलणार मीच.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. शुगर जरा वर-खाली आहे म्हणून दोन आठवडे हॉस्पिटलमध्येच ठेवणार. मग घरी. पण कोणाच्या? ताईने कॉरिडॉरमध्येच सभा भरवली. तिचं घर तळमजल्यावर, दारं रुंद, बाथरूममध्ये धरायला दांडे, मदतीला बाई. म्हणाली, बाबा माझ्याकडे.

म्हणजे आयुष्यभर बाबा माझ्याकडे राहिले आणि आता एक हाड मोडलं म्हणून मी बाद? आई गेल्यापासून त्यांची ती खोली, ती खिडकी, तो रेडिओ. मी सांगून टाकलं, बाबा कुठेही जाणार नाहीत, त्यांची उठबस मी करीन. ताई हसली. म्हणाली, तुला पाण्याची बादली न्यायची तर मध्ये एकदा खाली ठेवावी लागते. शेवटी असं ठरलं: बाबा घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी ती गाडी घेऊन येणार. मला झेपत नाहीये असं दिसलं, की बाबा तिच्या गाडीत.

डॉक्टर म्हणाले, त्यांना कोणी उचलायचंच नाही, वॉकर धरून ते स्वतः उठतील, आपण नुसतं शेजारी उभं राहायचं. डॉक्टर भिडस्त आहेत. लोकांवर ओझं नको म्हणून बोलतात तसं.

संध्याकाळी जिम लावली.

३ मार्च

पहिला दिवस. कोच माझ्या निम्म्या वयाचा. हातात नुसता रिकामा रॉड दिला आणि म्हणाला, काका, आधी हा डोक्यावर नेऊन दाखवा. अपमान. मी म्हटलं, माझ्या वडिलांचं वजन रिकाम्या रॉडइतकं नाही. तो फोनवर बोलायला बाहेर गेला, तेवढ्यात मी दोन्ही बाजूंना एकेक चकती चढवली. मग अजून एकेक.

रॉड वर गेला. खाली येताना जरा घाईत आला. उजव्या खांद्यात ‘कट्’ असं काहीतरी झालं. स्नायू जागे होत असावेत.

५ मार्च

खांदा ठणकतोय. दुखतोय म्हणजे वाढतोय. आरशात पाहिलं, उजवा खांदा डाव्यापेक्षा भरलेला दिसतो. हिला दाखवलं. ही म्हणाली, भरलेला नाही, सुजलेला आहे. बायकांना या विषयातलं कळत नाही.

जिमला गेलो. कोच म्हणाला, दुखत असेल तर खांद्याचं काही करू नका, पाय करा. बाबांना मी पायाने उचलू का? मनात म्हटलं. तो वळल्यावर खांद्याचंच केलं.

९ मार्च, सोमवार

लायब्ररीत कामावर किरकोळ अडचण. वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला हात कानाच्या पुढे जाईना. वाचकांनी स्वावलंबी व्हावं असं नवीन धोरण काउंटरवर जाहीर केलं. शिडी पुढे केली. एक निवृत्त मास्तरीणबाई शिडीवर चढल्या, स्वतःचं पुस्तक काढलं, आणि उतरताना माझंही रजिस्टर वरून काढून दिलं. धोरण यशस्वी.

मलमाचा वास फार येतो म्हणून वर्तमानपत्रवाल्या टेबलावरचे दोघं खिडकीकडे जाऊन बसले.

११ मार्च

गरम की गार? शेजारचे म्हणाले गरम. कोच म्हणाला गार. कोणाचंच मन मोडायला नको म्हणून पुढून फ्रीजरमधली मटारची पिशवी आणि मागून गरम पाण्याची पिशवी, दोन्ही एकदम लावून बसलो. बसल्या बसल्या डोळा लागला. पुढची कातडी बधिर झाली, मागची लाल. ही म्हणाली, मटार सुटले, आता आजच शिजवावे लागणार. नवऱ्याचं काय सुटलंय, ते विचारलं नाही.

केस डाव्या हाताने विंचरतो. भांग उलटा पडतो. तरुण दिसतो.

१३ मार्च

हॉस्पिटलमध्ये गेलो. फिजिओ बाई बाबांना वॉकरने चालवत होत्या. बाबा तीन खाटा ओलांडून गेले आणि परत आले. माझी छाती अभिमानाने फुगली, त्याबरोबर खांदाही हलला, म्हणून लगेच खाली बसलो.

बाईंना सहज विचारलं, माझ्या एका मित्राचा खांदा वजनं उचलून दुखतोय. बाई म्हणाल्या, आतला टेंडन सुजला असणार. मित्राने वजनं ताबडतोब थांबवावीत. बर्फ थेट लावू नये, टॉवेलात गुंडाळून थोडा वेळच लावावा. गोळ्या मनाने खाऊ नयेत, डॉक्टरांना दाखवावं. मी म्हटलं, मित्र फार जिद्दी आहे. त्या म्हणाल्या, असले मित्र रोज येतात आमच्याकडे. आणि बोलता बोलता माझ्या खांद्यावर एक बोट दाबलं.

मी ओरडलो. अख्खा वॉर्ड उठून बसला. बाबा नुसते माझ्या खांद्याकडे बघत राहिले.

मित्राला निरोप दिला. मित्राचं म्हणणं, रविवार होऊ दे, मग विश्रांती.

१६ मार्च, सोमवार

उद्या बाबा घरी. गादीची वळकटी बांधून रंगीत तालीम केली. काखेत हात, गुडघे वाकवून, एक-दोन-तीन. वळकटी उठली. मग वळकटी आणि मी, दोघंही कपाटावर आदळलो. ही स्वयंपाकघरातून ओरडली, काय पडलं? मी म्हटलं, साफसफाई चाललीये. ती येऊन बघून गेली. म्हणाली, बाबा वळकटी नाहीत. एवढंच म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली तो मला आवडला नाही.

१७ मार्च

बाबा आले. खोलीत आल्यावर खिडकीवरून हात फिरवला, रेडिओ लावला. फार बरं वाटलं.

दुपारी त्यांना बाथरूमला जायचं होतं. बाबा म्हणाले, वॉकर दे. मी म्हटलं, वॉकर कशाला, मी आहे ना. ते नको नको म्हणत असताना काखेत हात घातला आणि उचललं. अर्ध्यावर खांद्यातून अशी कळ गेली की हात सुटलाच. बाबा एका पायावर, मी वाकलेला, दोघंही हेलकावे खातोय. त्यांनी पलंगाचा कठडा धरला. दुसऱ्या हाताने माझी कॉलर धरली. ही धावत आली आणि वॉकर मध्ये सरकवला.

कोणी पडलं नाही. तांत्रिकदृष्ट्या बाबा उभे राहिले, म्हणजे प्रयोग यशस्वी म्हणता येईल.

नाही म्हणता येणार. ते नवीन बसवलेलं हाड आणि खाली फरशी. मला फार भीती वाटली. हे फक्त इथेच लिहितोय.

१८ मार्च

डॉक्टरांकडे हिने नेलं. ओढत नेलं म्हटलं तरी चालेल, अर्थात डाव्या हाताने. निदान तेच, मित्राचं. वजनं पूर्ण बंद. काही दिवस हात गळ्यात अडकवायचा पट्टा, मग हळूहळू व्यायाम. डॉक्टरांनी विचारलं, या वयात एकदम एवढं वजन कशासाठी? मी म्हटलं, वडिलांसाठी. ते म्हणाले, वडिलांनी सांगितलं होतं का?

ताईला कळता कामा नये. हिला शपथ घातली. ही म्हणाली, मी नाही सांगणार, तुमचं तोंडच सांगेल.

२० मार्च, शुक्रवार

हिची सकाळची शिफ्ट, उजाडताच जाते. त्यामुळे शर्टाची पंचाईत. बाबा पलंगावर बसून म्हणाले, इकडे ये. आधी दुखरा हात बाहीत घालायचा, मग चांगला, असं त्यांनी घालून दिला आणि बटणं लावली. मी लावू दिली. पेशंटला काहीतरी काम दिलं की उभारी येते. शिवाय त्यांच्या बोटांना व्यायाम.

फिजिओ बाई घरी आल्या होत्या. बाबांनी वॉकरने हॉलची फेरी मारली. बाईंनी मला वाकून, हात लंबकासारखा सोडून, हळू हलवायला सांगितलं. बाबा खुर्चीवरून सूचना देत होते. हळू. झटका नको. श्वास घे. त्यांची गाडी माझ्यापेक्षा पुढे आहे, पण त्यांनी सुरुवात आधी केली होती.

२१ मार्च

उद्याची योजना पक्की. पट्टा उशीखाली. सैल शर्ट. उजवा हात खिशात, म्हणजे रुबाबदार दिसेल. वजन उचलायचा प्रसंगच येणार नाही. ताई चहा घेईल, बाबा चालून दाखवतील, ताई जाईल. मी हसतमुख.

२२ मार्च, रविवार

ताई आली. चहा झाला. बाबा चालले. मी खिशात हात घालून हसतमुख. ताईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हटलं, जिंकलो.

मग ती म्हणाली, ते चालतायत छानच, पण तू असा लाकडासारखा का उभा आहेस? आणि लगेच, काही नाही, ती कपाटावरची बॅग काढ बघू, चार दिवसांचे कपडे भरते, बाबांना थोडा बदल होईल.

कपाटावरची बॅग.

डाव्या हाताने काढली असती तर संशय आला असता. उजवा हात काढला. छातीपर्यंत गेला. हनुवटीपर्यंत गेला. कानापाशी थांबला. घामाने डोळे भरले. रेडिओवर बातम्या चालू. ताईने विचारलं, काय होतंय तुला? मी म्हटलं, काही नाही, बॅग शोधतोय. बॅग नाकासमोर होती.

मागून वॉकरची टकटक आली. बाबा स्वतः उठले होते, कोणी न धरता. त्यांनी माझा हात धरून हळूच खाली आणला, मला पलंगावर बसवलं, उशीखालचा पट्टा काढला (त्यांना सगळं माहीत होतं) आणि माझ्या गळ्यात अडकवला. मग ताईला म्हणाले, पोरी, मला इतक्यात यायला जमणार नाही. याची बायको उजाडताच कामावर जाते. मी आलो तर सकाळी याला शर्ट कोण घालणार?

ताई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल. हसली नाही. डोळे पुसले आणि बॅग तिथेच राहू दिली. जाताना दारात म्हणाली, वेड्या, आधी सांगायचंस ना. मी म्हटलं, काय सांगायचं होतं?

२३ मार्च

बाबा इथेच राहणार. म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच झालं. नोंद असावी.

ताईचा फोन आला. बाबांची तब्येत विचारलीच नाही, माझी विचारली. फोन बाबांना दिला. ते तिला सांगत होते, आज हात न दुखता हनुवटीच्या वर गेला, भूकही बरी आहे, फक्त ऐकत नाही.

जिमला फोन केला. पैसे परत मिळत नाहीत, पण घरातलं दुसरं कोणी येऊ शकतं. बाबांनी ऐकलं. म्हणाले, बरा झालो की मी जाईन, रिकाम्या रॉडपासून सुरू करू.

आज त्यांनी गळ्याचं बटणसुद्धा लावलं, शाळेत पाठवताना लावायचे तसं. दिवसभर काचत होतं. डाव्या हाताने निघालं असतं. संध्याकाळपर्यंत लायब्ररीत तसाच बसलो आणि घरी येऊन त्यांच्याकडूनच काढून घेतलं.